फोर्टचा कॅम्पस आणि बसायला जागा

वर कुणीतरी लिहिलंय की मुंबई विद्यापीठाचा फोर्ट कॅम्पस म्हणजे नुसता वारसा, विद्यार्थ्याला सोयी काही नाहीत, शिकायचं तर विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसलाच. कँटीन आणि बसायच्या जागेबद्दल अगदी मान्य. पण ग्रंथालय विसरून कसं चालेल? राजाबाई टॉवरचं काम १८७८ साली पूर्ण झालं, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने. त्याच्या वाचनालयात मी एलएलएमची दोन वर्षं काढली. दुपार कलली की ओव्हल मैदानाच्या बाजूने ऊन रंगीत काचांतून आत यायचं, वहीच्या पानावर निळा-तांबडा पट्टा सरकत जायचा. आमच्या वसईच्या दोन खोल्यांत सहा माणसं. तेवढी शांतता मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे मिळाली.

आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. शहराच्या मध्यावर असल्याचा खरा फायदा आसपासच्या वाचनालयांचा आहे. काळाघोड्याचं डेव्हिड ससून पाच-सात मिनिटांवर, त्यामागे बाग; टाउन हॉलमधली एशियाटिक थोडी पुढे. एकीकडे जागा नाही मिळाली तर दुसरीकडे चालत जाता येतं. सदस्यत्वाची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, परीक्षा तोंडावर आल्यावर नको. आणि लोकलच्या पासाच्या कन्सेशनचा फॉर्म भरताना घराजवळचं स्टेशन नीट लिहा. माझ्या फॉर्मवर चुकीचं पडलं होतं, महिनाभर पूर्ण भाड्याचा पास काढावा लागला.