रोजचा लांब पल्ल्याचा रेल्वेप्रवास: खर्चाचा आणि उशिराचा हिशोब कसा मांडावा?

प्रश्न (पहाटेची_गाडी)

नमस्कार. गेले चौदा महिने मी सुमारे ११० किलोमीटर अंतरावरील कार्यालयात रोज रेल्वेने ये-जा करीत आहे. घरापासून स्थानक वीस मिनिटांवर आहे. तिथून एक गाडी, मधल्या जंक्शनवर उतरून दुसरी गाडी आणि शेवटी पंधरा मिनिटांची पायपीट असा हा प्रवास वेळापत्रकाप्रमाणे एका बाजूने दोन तासांचा होतो. नोकरी स्वीकारताना मी दोनच आकडे पाहिले होते, एक मासिक पासाची किंमत आणि दुसरा वेळापत्रकात छापलेला वेळ. कार्यालयाजवळच्या घरभाड्याच्या तुलनेत पास इतका स्वस्त पडत होता की अधिक विचार करण्याची गरजच मला वाटली नाही.

अडचण जंक्शनवर येते. दोन गाड्यांमध्ये सहा मिनिटांचे अंतर आहे. पहिली गाडी सात-आठ मिनिटे उशिरा पोहोचली की दुसरी निघून गेलेली असते आणि त्यानंतरची चाळीस मिनिटांनी सुटते. म्हणून चार महिन्यांपासून मी घरून चाळीस मिनिटे आधी निघतो. बहुतेक दिवशी कार्यालय उघडण्यापूर्वीच पोहोचून बाहेर बसून राहतो, आणि तरीही महिन्यातून दोन-तीन वेळा उशीर होतोच. सकाळी मुलगी झोपेत असताना मी निघतो आणि रात्री पुष्कळदा ती झोपल्यावर परततो.

या प्रवासाची खरी किंमत कशी काढावी, रेल्वेची अधिकृत आकडेवारी चांगली दिसत असताना माझा अनुभव इतका वेगळा का, आणि घर बदलण्याआधी आणखी काही करून पाहण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (हिशोबनीस)

आपण पासाची तुलना घरभाड्याशी केलीत, ती अपुरी होती, आणि बहुतेक जण तीच करतात. पास हा या खर्चाचा केवळ समोर दिसणारा भाग आहे. त्यात स्थानकापर्यंतच्या वाहनाचा व ते उभे करण्याचा खर्च, गाडी चुकल्यावर ऐनवेळी घ्यावे लागणारे भाड्याचे वाहन, आणि सुट्ट्या, आजारपण व रजा यांमुळे पासाचे वाया जाणारे दिवस मिळवा. पासाच्या किमतीला दोन्ही बाजूंच्या सुट्या तिकिटाच्या किमतीने भागले की पास किती दिवस वापरल्यावर परवडू लागतो ते कळते. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, तर हे उत्तर एकदम पालटते. ब्रिटनमध्ये २०२१ साली याच कारणाने २८ दिवसांत कोणतेही ८ दिवस वापरता येणारा पास सुरू करण्यात आला. आपल्या मार्गावर असा काही पर्याय आहे का, ते अवश्य पाहावे.

आता वेळेकडे येतो, कारण खरा खर्च तिथे आहे. महिन्याला कामाचे २२ दिवस आणि रोजचे आठ तास धरले, तर आपण कार्यालयाला १७६ तास देता. रोजच्या चार तासांच्या प्रवासाचे ८८ तास होतात. म्हणजे ज्या पगाराला आपण १७६ तासांचा मोबदला समजत होतात, तो प्रत्यक्षात २६४ तासांचा आहे, आणि ताशी दर दोन-तृतीयांशावर आला आहे. त्यात चाळीस मिनिटे आधी निघण्याचे महिन्याला आणखी साधारण पावणेपंधरा तास जातात. हे तास केवळ भीतीपोटी दिलेले आहेत. गाडी वेळेवर आली त्या दिवशीही ते परत मिळत नाहीत, म्हणून उशिराची किंमत मोजताना फक्त उशीर झालेले दिवस मोजणे चुकीचे ठरते.

अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती अभ्यासून असे दाखवले की, अर्थशास्त्राच्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे लांबच्या प्रवासाची भरपाई अधिक पगाराने किंवा स्वस्त घराने व्हायला हवी, पण तशी ती होत नाही. लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी आढळले. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की नोकरी स्वीकारताना आपण पगार आणि भाडे नेमके मोजतो व रोजच्या थकव्याला शून्य किंमत लावतो. आपली चूक झाली असेल, तर ती अनेकांची झालेली आहे.

उत्तर २ (रूळजोड)

मी बरीच वर्षे वेळापत्रक आखण्याच्या कामात होतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

‘वेळेवर’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक रेल्वेची वेगळी असते. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आत पोहोचलेली गाडी वेळेवर धरतात, तर जर्मनीत सहा मिनिटांच्या आतली. ब्रिटनच्या जुन्या मोजणीत जवळच्या गाड्यांना पाच आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना दहा मिनिटांची सवलत असे. आपल्या जंक्शनवर हाती सहा मिनिटे आहेत. दहा मिनिटांची सवलत असेल, तर आठ मिनिटे उशिरा आलेली गाडी कागदावर वेळेवर आलेली असते आणि आपली जोडगाडी मात्र गेलेली असते. शिवाय काही ठिकाणी रद्द झालेली गाडी या टक्केवारीत धरलीच जात नाही. आकडेवारी गाडीची असते. प्रवाशाची मोजायची तर जोडगाड्याही मोजाव्या लागतात, आणि ते काम फार थोड्या रेल्वे करतात.

दुसरे कारण प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक गाडीच्या वेळापत्रकात थोडा राखीव वेळ घातलेला असतो, म्हणजे मार्गात झालेला उशीर त्यातून भरून निघावा. हा राखीव वेळ पुष्कळदा शेवटच्या टप्प्यात ठेवतात. त्यामुळे गाडी मधल्या स्थानकांवर दहा मिनिटे उशिरा धावूनही अखेरच्या स्थानकावर वेळेवर पोहोचते, आणि मोजणी तिथेच होत असेल तर नोंद निर्दोष राहते. जंक्शनवर उतरणाऱ्याच्या वाट्याला मात्र पूर्ण उशीर येतो. आपली पहिली गाडी जंक्शनच्या पुढे बरीच दूर जाणारी असेल, तर मला यातच आपल्या तक्रारीचे मूळ दिसते.

तिसरे कारण मार्गावरील गर्दीचे आहे. जलद, मंद आणि मालगाड्या एकाच रुळांवरून धावत असतील, तर मार्गाची सगळी क्षमता वापरून चालत नाही. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या मार्गदर्शनानुसार अशा मिश्र वाहतुकीच्या मार्गाचा वापर गर्दीच्या वेळी साधारण ७५ टक्क्यांपर्यंत आणि दिवसभराचा ६० टक्क्यांपर्यंतच असावा. उरलेली जागा रिकामी दिसली तरी ती उशीर जिरवण्यासाठी लागते. ती भरून टाकली की एका गाडीच्या दाराशी गेलेली दोन मिनिटे मागच्या गाडीला लागतात, तिची त्यामागच्या गाडीला लागतात, आणि एकेरी मार्ग असेल तर समोरून येणारी गाडीही क्रॉसिंगसाठी, म्हणजे ही गाडी आधी पार होऊ देण्यासाठी, अडकून पडते. आपली वेळ गमावलेली गाडी नियंत्रक सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतो, कारण तिच्यासाठी वेळेवर धावणाऱ्या चार गाड्या थांबवणे त्याला परवडत नाही. म्हणून लहान उशीर लहान राहत नाही. गाडीतील माणसाला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, हे मी जाणतो; मी स्वतः तसे निर्णय होताना पाहिले आहेत आणि त्या प्रत्येक वेळी फलाटावर ताटकळणाऱ्या लोकांची मला चिंता वाटली आहे.

आपण किमान चार आठवडे स्वतःची नोंद ठेवावी. पहिली गाडी जंक्शनला प्रत्यक्ष कधी पोहोचली, दुसरी मिळाली की नाही, आणि घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत एकूण किती वेळ लागला, एवढेच लिहा. सरासरी काढू नका. वीस दिवसांतील सर्वांत वाईट दोन दिवस कसे गेले ते पाहा, कारण आपण घरून किती वाजता निघायचे हे तेच दिवस ठरवतात.

उत्तर ३ (खिडकीजवळची_जागा)

मी नऊ वर्षे असेच अपडाउन केले. सासूबाईंचे आजारपण आणि मुलांची शाळा यांमुळे घर हलवणे शक्य नव्हते, आणि मला कार्यालय सोडायचे नव्हते. प्रवासात गेलेला प्रत्येक तास तोट्याच्या खात्यात लिहिणे मला पटत नाही. बसायला जागा मिळाली आणि मध्ये उठावे लागले नाही, तर त्या तासात वाचन होते, झोप होते, कोणी हाक मारत नाही. मात्र हे सर्व सलग प्रवासाला लागू आहे. गाडी बदलायची असली की पहिल्या गाडीतला सगळा वेळ घड्याळाकडे पाहण्यात जातो, आणि तो वेळ खरोखरच कोणाचाच राहत नाही.

न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या लोकांवर गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी केलेले अभ्यास मला याच कारणाने महत्त्वाचे वाटतात. त्यांनी लोकांना नुसते प्रश्न विचारले नाहीत, तर लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाणही मोजले. प्रवास जितका लांब, तितका ताण अधिक, हे तर दिसलेच. पण प्रवास बेभरवशाचा वाटणाऱ्यांनाही अधिक ताण असल्याचे आढळले. पुढे तिथल्या एका मार्गावर गाडी न बदलता थेट जाण्याची सोय झाली, तेव्हा ती वापरणाऱ्यांचा ताण कमी झाल्याचेही त्यांनी नोंदवले.

म्हणून माझी सूचना अशी की घर बदलण्याआधी आपण थेट जाणारी एखादी मंद गाडी शोधावी. वेळापत्रकात ती अर्धा तास जास्त घेत असेल, तरी आपण आज चाळीस मिनिटे कार्यालयाबाहेर बसून काढत आहात.

उत्तर ४ (नोंदवही)

भरपाईबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये बहुतेक रेल्वे कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून भाड्याचा काही भाग परत देतात आणि पासधारकांनाही एका फेरीच्या हिशोबाने तो मिळतो. युरोपीय संघात जून २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार तासाभराच्या उशिराला २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के भाडे परत मिळते. रोज पंधरा-वीस मिनिटे गमावणाऱ्याच्या हाती त्यातून सहसा काही पडत नाही, परंतु वारंवार होणाऱ्या उशिरासाठी पासधारकांनी दाद मागण्याची तरतूद त्या नियमात आहे. जपानमध्ये रेल्वे उशीर झाल्याचा दाखला देते आणि तो कार्यालयात स्वीकारला जातो. आपल्याकडे यांपैकी काहीही नसले, तरी आपली तारखांसहित नोंद वरिष्ठांपुढे ठेवता येईल. ‘गाडी नेहमी उशिरा येते’ या तक्रारीपेक्षा वीस ओळींचा तक्ता अधिक काम करतो, असा माझा अनुभव आहे.

पहाटेची_गाडी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण आधी नोंद पूर्ण करायची होती.

पहिल्या सहा आठवड्यांत, रजा वगळून, २८ सकाळी लिहून ठेवल्या. १९ वेळा पहिली गाडी जंक्शनला पाच मिनिटांच्या आतल्या उशिराने पोहोचली, ७ वेळा उशीर त्याहून अधिक होता आणि २ वेळा ती रद्द झाली. नेहमीच्या गाडीने निघालो असतो, तर २८ पैकी ९ दिवस जोडगाडी चुकली असती. मला वाटत होते त्यापेक्षा हे प्रमाण अधिक निघाले. ‘रूळजोड’ यांचा अंदाजही खरा ठरला. गाडी जंक्शनच्या पुढे आणखी तीन तास धावते आणि शेवटच्या स्थानकावर बहुधा वेळेवर असते.

थेट जाणारी मंद गाडी आहे. ती सगळीकडे थांबते म्हणून मी तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. तिने दारापासून दारापर्यंत दोन तास पंचवीस मिनिटे लागतात. दोन आठवड्यांत दहा वेळा तिने गेलो, तर सर्वांत मोठा उशीर बारा मिनिटांचा झाला. तक्ता दाखवल्यावर वरिष्ठांनी कामाची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेण्यास मान्यता दिली. त्यामुळे आता निघायची वेळ पूर्वीपेक्षा पाऊण तासाने उशिरा आली आहे आणि सकाळी मुलीला उठवूनच मी बाहेर पडतो. पगाराचा ताशी दर फारसा सुधारलेला नाही, हे ‘हिशोबनीस’ यांच्यापुढे मला मान्य करावे लागेल. संध्याकाळच्या परतीचा प्रश्नही तसाच आहे, कारण त्या वेळी थेट गाडी नाही. घर बदलण्याचा निर्णय आम्ही शाळेचे वर्ष संपेपर्यंत पुढे ढकलला आहे.

रूळजोड

वाचून बरे वाटले. एक काळजी घ्यावी. मंद गाडीला मार्गात शेवटचा प्राधान्यक्रम मिळतो आणि एखादी नवी जलद गाडी सुरू झाली की तिला वाट देण्यासाठी आधी मंद गाडीच थांबवतात. नवे वेळापत्रक लागू होईल तेव्हा पहिले दोन आठवडे पुन्हा नोंद ठेवा. परतीसाठी, जंक्शनवर उतरल्यावर आपल्याला दुसऱ्या फलाटावर जावे लागते की त्याच फलाटावर पुढची गाडी लागते, ते कळवा. फलाट बदलावा लागत असेल, तर पुलाजवळ थांबणारा डबा निवडूनही सहा मिनिटांतली दोन-तीन वाचू शकतात.