जोकोविचवरून दोन तट का पडतात? कोकणातल्या जाणकारांचा अनुभव धागा

धागाकर्ता, रत्नागिरी

विम्बल्डनचा पंधरवडा आणि आपला आषाढातला पाऊस साधारण एकाच सुमारास येतात. वीज टिकली तर अंतिम लढत जेवणं उरकून गेली तरी चालू असते, आणि सर्बियाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच खेळत असला की एकाच घरात दोन तट पडतात. २४ ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं), ४२८ आठवडे अव्वल क्रमांक, फेडररविरुद्ध २७ विजय-२३ पराभव, नदालविरुद्ध ३१-२९. आकड्यांवर कोणी भांडत नाही. भांडण माणसावरून आहे.

विनंती एकच. 'आवडतो' किंवा 'डोक्यात जातो' एवढ्यावर थांबू नका. मत ज्या प्रसंगावरून बनलं तो प्रसंग, तेव्हाचा नियम, मिनिटं, गुण असं नेमकं लिहा. पंच, प्रशिक्षक, गटिंग करणारे (रॅकेटला तारा लावणारे), वकील, फिजिओ सगळ्यांना आमंत्रण. स्वतःच्या कहाण्या मात्र इथे नकोत.

दापोली, स्थानिक स्पर्धांचे पंच

सर्वांत जुन्या तक्रारीपासून सुरुवात करतो: सर्व्हिसआधी चेंडू आपटत बसतो, वेळ खातो. चेंडू किती वेळा आपटावा याला नियम नाही, वेळेला आहे. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद. घड्याळ गुण संपताच सुरू होत नाही. पंच गुणसंख्या पुकारतात आणि मग ते चालू करतात. मोठ्या रॅलीनंतर (चेंडू बराच वेळ इकडून तिकडे खेळला गेल्यावर) प्रेक्षक ओरडत असले तर पंच पुकारायलाच थोडे थांबतात, म्हणून घरी मोबाइलवर मोजणाऱ्याला ३०-३५ सेकंद भरतात आणि तो 'लबाडी' म्हणतो. शून्य येईपर्यंत सर्व्हिसची हालचाल सुरू झाली नाही, तर पहिल्यांदा ताकीद आणि त्यानंतर दर वेळी पहिली सर्व्हिस गेली. रिटर्न करणाऱ्याने, म्हणजे समोरून सर्व्हिस परतवणाऱ्याने, वेळ काढला तर ताकिदीनंतर थेट गुण जातो.

कोर्टावर दिसणारं घड्याळ ग्रँड स्लॅममध्ये २०१८ पासून आलं. त्याआधी मर्यादा २० सेकंदांची होती, पण मोजमाप पंचांच्या हातात, आणि बहुतेक पंच सैल सोडत. जोकोविचबद्दलचं मत अनेकांनी त्या सैल काळात बनवलं आणि ते बदललेलं नाही.

शौचालयाच्या विश्रांतीचंही तसंच. २०२१ च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात त्सित्सिपासने पहिले दोन सेट ७-६, ६-२ घेतले. जोकोविच आत जाऊन आला आणि पुढचे तीन ६-३, ६-२, ६-४ जिंकला. तेव्हा मिनिटांची मर्यादाच लिहिलेली नव्हती. एटीपीने (पुरुष टेनिसची संघटना) २०२२ पासून ती घातली: आत गेल्यापासून ३ मिनिटं, कपडे बदलायचे तर आणखी २, आणि जायचं ते सेट संपल्यावरच.

माझं म्हणणं असं, की त्याच्यावरचे निम्मे आरोप नियमभंगाचे नाहीतच. नियमात बसलेली गोष्ट रीतीला धरून होती का, यावर भांडण आहे. रीत प्रत्येकाची वेगळी, म्हणून ते मिटत नाही.

अलिबाग, वकील

दापोलीकर काकांचा मुद्दा ऑस्ट्रेलिया प्रकरणाला, म्हणजे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनसाठी गेलेल्या जोकोविचला देशाबाहेर काढलं त्याला, तंतोतंत लागू पडतो. लोक 'कोर्टात जिंकला तरी हाकलला' असं बोलतात. दोन निकाल वेगळ्या प्रश्नांवर होते, ते आधी सुटे करू.

करोनाची लस न घेतलेल्या जोकोविचला टेनिस ऑस्ट्रेलियाच्या आणि व्हिक्टोरिया राज्याच्या वैद्यकीय समित्यांनी सूट दिली होती. आधार होता १६ डिसेंबर २०२१ च्या पॉझिटिव्ह चाचणीचा. पण राज्याची सूट स्पर्धेत खेळण्यापुरती असते, देशाच्या सीमेवर अधिकार केंद्राचा. ५ जानेवारी २०२२ च्या रात्री तो मेलबर्नला उतरला आणि ६ तारखेला सकाळी व्हिसा रद्द झाला.

१० जानेवारीला न्यायाधीश अँथनी केली यांनी व्हिसा परत दिला तो एका कारणाने: म्हणणं मांडायला साडेआठपर्यंत वेळ देतो असं सांगून अधिकाऱ्यांनी ७ वाजून ४२ मिनिटांनीच निर्णय घेऊन टाकला. आधी झालेला संसर्ग लशीऐवजी चालतो की नाही, हा प्रश्न तिथे सुटलाच नाही. समर्थक मात्र तो निकाल त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवतात. चूक तिथे आहे.

१४ जानेवारीला मंत्री अ‍ॅलेक्स हॉक यांनी स्वतःच्या अधिकारात व्हिसा पुन्हा रद्द केला. कारण दिलं लोकांचं आरोग्य आणि सुव्यवस्था. १६ जानेवारीला तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने अर्ज फेटाळला. मंत्र्यांचा निर्णय शहाणपणाचा होता का, हे पीठ तपासत नव्हतं. तो कायद्याच्या चौकटीत होता का, एवढंच तपासत होतं. म्हणून 'कोर्टाने त्याला दोषी ठरवलं' हे विरोधकांचं वाक्यही चुकीचं.

पुढच्या दोन गोष्टी त्याने स्वतः मान्य केल्या. प्रवेश अर्जात आधीच्या १४ दिवसांत प्रवास नाही असं भरलं होतं, प्रत्यक्षात तो स्पेनला जाऊन आला होता. ती चूक अर्ज भरणाऱ्याची असल्याचं त्याने सांगितलं. आणि चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं कळूनही १८ डिसेंबरला त्याने एका फ्रेंच वृत्तपत्राला समोरासमोर मुलाखत दिली. माझ्या मते हा सगळ्यात वाईट भाग, व्हिसापेक्षाही.

मेलबर्नकर इतके का चिडले, हे समजायला एक आकडा पुरे: त्या शहराने सहा टाळेबंद्यांत मिळून २६२ दिवस घरात काढले होते. ज्यांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीला जाता आलं नाही, त्यांना 'सूट' हा शब्दच सोसवत नव्हता. दुसरीकडे, त्याला ज्या पार्क हॉटेलात ठेवलं तिथे अनेक निर्वासित दीर्घकाळ अडकून पडले होते आणि जगाचं लक्ष त्यांच्याकडे त्याच्यामुळे गेलं, हेही नोंदवायला हवं. व्हिसा रद्द झाल्यामुळे लागलेली तीन वर्षांची प्रवेशबंदी पुढे उठवली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचं दहावं विजेतेपद घेतलं.

गुहागर

ताई, तुम्ही छान उलगडून सांगितलंत. तसाच घोळ २०२० च्या अमेरिकन ओपनबद्दल आहे. ६ सप्टेंबर, चौथी फेरी, समोर कारेन्यो बुस्टा. ५-४ वर हातात आलेले सेट पॉइंट (घेतला की सेट जिंकता येतो असे गुण) हुकले होते, मग सर्व्हिस गमावून ५-६. वैतागून त्याने खिशातला चेंडू न बघता मागे मारला, तो रेषापंच बाईंच्या गळ्याला लागला. सामना तिथेच संपला.

'मुद्दाम मारला नाही' हे खरं आहे आणि नियमाला त्याचं देणंघेणं नाही. रागात किंवा बेपर्वाईने मारलेला चेंडू कोणाला लागून इजा झाली, तर हेतू बघत नाहीत. १९९५ मध्ये विम्बल्डनला टिम हेन्मन दुहेरीत असाच बाद झाला, चेंडू बॉलगर्लला लागला होता. २०१७ मध्ये डेव्हिस कपला शापोवालोव्ह, चेंडू पंचांच्या डोळ्याला. त्यामुळे 'जोकोविच म्हणून काढलं' यात तथ्य नाही. खुपलं ते पुढचं: पत्रकार परिषद न देता तो निघून गेला. माफी नंतर लेखी आली.

चिपळूण, प्रशिक्षक

वाद, कायदा बाजूला ठेवतो. अनेकांना त्याचा खेळच आवडत नाही आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे.

१४ जुलै २०१९ घ्या. आपल्याकडे अर्ध्या लोकांच्या टीव्हीवर लॉर्ड्‌सचा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता, अर्ध्यांच्या टीव्हीवर विम्बल्डनचा फेडरर-जोकोविच अंतिम सामना. ४ तास ५७ मिनिटं. फेडररचे एकूण गुण २१८, जोकोविचचे २०४. फेडररचे विजयी फटके ९४, जोकोविचचे ५४. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, म्हणजे दोन अजिंक्यपद गुण. पहिल्यावर फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँडने त्याला पार केलं. निकाल ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. तिन्ही टायब्रेक (गेम बरोबरीत असताना सेटचा निकाल लावणारे) जोकोविचचे, आणि त्या तिन्हींत मिळून त्याची एकही अकारण चूक, म्हणजे समोरच्याने भाग न पाडता झालेली चूक, नाही.

जो जास्त सुंदर खेळला तो हरला, ही भावना त्या दिवशी पक्की झाली. पण टायब्रेकमध्ये चूक न करणं हेही कौशल्यच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. समोरच्याला चूक करायला लावणारा फटका टाळ्या मिळवत नाही.

त्याचा रिटर्न बघताना चेंडूच्या मागे जाऊ नका, पाय बघा. सर्व्हिस करणाऱ्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी त्याची छोटी उडी जमिनीला टेकत असते. मागचा झोका खांद्यापलीकडे जात नाही. चेंडू कोपऱ्यात नव्हे, मधोमध, समोरच्याच्या पायाशी पडतो, म्हणजे त्याला पुढच्या फटक्यासाठी कोनच मिळत नाही.

मुलांना शिकवायचं तर बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) आत दीड मीटरवर चुन्याची आडवी रेघ मारा. सुंभाची दोरी नको, पाय अडकतो. ३० सर्व्हिस टाका. रिटर्न रेघेच्या पलीकडे आणि मधल्या तिसऱ्या भागात पडला तरच मोजा. ३० पैकी १२ पडले तरी सुरुवातीला भरपूर. बिघडतं कुठे? मुलं पूर्ण झोका घेतात. वेगवान सर्व्हिस अर्ध्या-पाऊण सेकंदात अंगावर येते, तेवढ्यात झोका पुरा होत नाही आणि चेंडू जाळ्यात जातो. झोका अर्धा करा, पकड थोडी सैल ठेवा. हा सराव महिनाभर घेतलेला मुलगा जोकोविचला कंटाळवाणा म्हणत नाही.

हार्ड कोर्टवरची त्याची घसरण मात्र शिकवू नका. पावसाळा संपल्यावर आपल्या कोर्टांवर शेवाळाचा पातळ थर राहतो, घोटा मुरगळायला तेवढा पुरतो.

सावंतवाडी, रॅकेट आणि गटिंग

रॅकेट आपटण्याबद्दल. २०२३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात, अल्कारेझविरुद्ध पाचव्या सेटमध्ये सर्व्हिस गमावल्यावर त्याने रॅकेट नेटच्या खांबावर हाणली. ताकीद मिळाली, नंतर ८,००० डॉलर दंड. ग्रँड स्लॅममधली चढण अशी: ताकीद, मग गुण, मग गेम, आणि त्यानंतर दर चुकीला पुन्हा गेम की सामन्यातून बाद, हे रेफरी ठरवतात. ती सामनाभर मोजली जाते. म्हणजे पहिल्या आपटण्याची किंमत पुढच्या चुकीला कळते.

दुकानात एक गोष्ट कायम सांगावी लागते. तो उभ्या तारा नैसर्गिक गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या लावतो, म्हणून तसंच गटिंग मागू नका. नैसर्गिक गट जनावराच्या आतड्याचं असतं, ते ओल शोषतं. आपल्या जूनच्या हवेत त्याचे धागे सुटायला लागतात आणि ताण उतरतो. हौस असेल तर दिवाळीनंतर लावा, आणि रॅकेट बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

देवगड

राजकारणाचा धागा कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस सर्बियावर बॉम्बवर्षाव केला तेव्हा जोकोविच बेलग्रेडमध्ये होता, बारावा वाढदिवस त्याच काळात आला. २०२३ च्या फ्रेंच ओपनला त्याने कॅमेऱ्याच्या काचेवर कोसोवो सर्बियाचं हृदय आहे अशा अर्थाचं लिहिलं. कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बिया ते मानत नाही. सर्बियन माणसाला ते स्वतःच्या घराबद्दल बोलणं वाटतं, कोसोवोच्या अल्बेनियन माणसाला आपलं घर नाकारल्यासारखं. फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनी ते अनुचित म्हटलं. तिथे मधली जागाच नाही.

जून २०२० ची, करोनाकाळात त्यानेच भरवलेली एड्रिया टूर ही प्रदर्शनी स्पर्धाही विसरू नका. बेलग्रेडला भरलेली प्रेक्षागृहं, मास्क नाहीत, रात्री नाचगाणं. स्थानिक नियमांनी परवानगी होती. मग दिमित्रोव्ह, चोरिच, त्रोइस्की आणि तो स्वतः पॉझिटिव्ह. दापोलीकर काका म्हणतत तसाच: नियमात बसला, रीतीत नाय.

पण १२ सप्टेंबर २०२१ ची न्यूयॉर्कची अंतिम लढतही बघा. १९६९ च्या रॉड लेव्हरनंतर एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम घेणारा पहिला पुरुष होण्यापासून तो एक सामना दूर होता. मेदवेदेवने ६-४, ६-४, ६-४ हरवलं. शेवटी शेवटी सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं आणि तो टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. इतकी वर्षं फेडरर-नदालसाठी ओरडणारे प्रेक्षक हरताना त्याचे झाले.

मालवण, फिजिओथेरपिस्ट

'नाटक करतो' या आरोपावर लिहायचं आहे, कारण तो मला मनापासून लागतो.

आधी नियम. दुखापतीसाठी एका तक्रारीला ३ मिनिटांची वैद्यकीय विश्रांती, आणि ती तपासणी झाल्यावर सुरू होते. म्हणून बघणाऱ्याला सहा-सात मिनिटं दिसतात. पायात गोळा आला तर ही विश्रांती मिळत नाही, उपचार बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावरच. तोवर थांबायचं नसेल तर गुण, अगदी गेमही सोडावा लागतो.

लोक म्हणतात, लंगडत होता आणि मग जिंकला कसा? २०२४ ला फ्रेंच ओपनमध्ये गुडघ्याची कूर्चा फाटली, ५ जूनला शस्त्रक्रिया, १४ जुलैला विम्बल्डनचा अंतिम सामना. तो हरला, पण ३९ दिवसांत तिथवर आला, आणि ४ ऑगस्टला ऑलिंपिक सुवर्ण. कूर्चेचा फाटलेला छोटा तुकडा काढला तर माणूस लवकर उभा राहतो, शिवून जोडली तर कित्येक महिने लागतात. फरक शस्त्रक्रियेच्या प्रकारात असतो. लोक दोन्हीला 'गुडघ्याचं ऑपरेशन' म्हणतात आणि संशय घेतात.

स्नायूचं गणित उलटं. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला २१ जानेवारीला अल्कारेझविरुद्ध डाव्या मांडीला पट्टी बांधून तो चार सेटमध्ये जिंकला. २४ तारखेला झ्वेरेवविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये हरला आणि सामना सोडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. 'तीन दिवसांपूर्वी धावत होता ना?' धावत होता, कारण स्नायू गरम होता आणि वेदनाशामक चालत होतं. फाटलेला स्नायू थंड झाला की सूज येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो जास्त आखडतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा दूरचा बॅकहँड डाव्या पायावर तोलला जातो. त्या सेटची ध्वनिचित्रफीत पुन्हा लावा आणि फक्त तेवढंच बघा: बॅकहँडच्या कोपऱ्यातून मध्यावर परत यायला तो किती वेळ घेतो.

प्रेक्षकांना गप्प केलं ते झ्वेरेवनेच, कोर्टावरच्या मुलाखतीत, जखमी होऊन जाणाऱ्याची हुर्यो उडवू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी जोकोविचने मांडीच्या स्कॅनचं चित्र जाहीर केलं.