मदत हवी आहे : पाच सिलिंडर टर्बो पेट्रोल, आयडलला शिट्टी

मंडळी, माझ्याकडे जुनी इम्पोर्टेड सेडान आहे, 2.5 लिटर, पाच सिलिंडर, टर्बो पेट्रोल. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, बारीक शिट्टी वाजते आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) उपसली की लगेच थांबते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइलही पाझरतंय. मेकॅनिक म्हणतो, टर्बो गेला. मला नाही पटत. टर्बोचा आवाज रेस दिल्यावर वाढतो. डिपस्टिकशी त्याचा काय संबंध? मला वाटतं ब्रीदरचा (इंजिनातल्या वाफा ओढून घेणाऱ्या भागाचा) डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटलाय, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) व्हॅक्यूम जास्त होतोय आणि क्रँकच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सीलमधून हवा ओढली जातेय; डिपस्टिक उपसली की तो व्हॅक्यूम सुटतो. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मोठा खर्च. आधी फक्त ब्रीदर बदलून बघू का? नागपुरात, अगदी वर्धा रोड ते कामठी कुठेही, असं इंजिन उघडलेला माणूस माहीत आहे का कोणाला? मे महिन्याआधी काम उरकायचंय राजेहो, 45 अंशात गॅरेजात कोण उभं राहणार!