आफ्रिकन गोगलगायी : गल्लीनं वेचायच्या की महापालिकेनं?

(सांगलीच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचा हा वाद.)

विश्रामबागकर: महापालिकेची फवारणीची गाडी रस्त्यावरून जाते. गोगलगाय असते परसात, कुंडीच्या बुडाशी, कंपाउंडच्या सांदीत. तिथं पोचणार घरचाच माणूस. पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून (दहा लिटरला किलोभर) भिंतीकडेला टाका, पहाटे उलटून वेचा. हातमोजे घालाच; मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंताच्या अळ्या तिच्यात असू शकतात.

खणभाग: वेचल्या, पुढं काय? निम्मे लोक बादली नाल्याकाठी रिकामी करणार, म्हणजे एका गल्लीची पीडा दुसरीला. उरलेले झाडाच्या बुंध्याशी मूठमूठ मीठ टाकणार. गोगलगाय मरेल, जास्वंदही जाईल. मेटाल्डिहाइडच्या (गोगलगायी मारायच्या विषाच्या) गोळ्या उघड्यावर टाकल्या तर कुत्री खाऊन मरतात. शिवाय दिसेल ती गोगलगाय चिरडली जाणार, आपली देशीसुद्धा. लोकांनी फोटो पाठवावा, काम पगारी माणसानं करावं.

विश्रामबागकर: मीठ मातीत नाही हो, बादलीत! दाट मिठाचं पाणी, वर झाकण, रात्रभर. मग दोन फूट खड्डा, चुना, माती. गोगलगाय रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. लांबट निमुळता शंख, त्यावर तपकिरी पट्टे, हे बघा. पिल्लू ओळखू येत नसेल तर मारू नका, डब्यात ठेवून विचारा. पण नुसता फोटो पाठवून माणूस येईतो थांबलात तर संपलं. एका खेपेला शंभरावर अंडी, आणि एकदा मिलन झालेली मादी पुढं महिनोन्‌महिने घालत राहते.

कुपवाडची रोपं: मादी नव्हे, प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतं. आणि येतात कुठून ते बोला की! नर्सरीच्या मातीतून. नवी कुंडी आणली की तळाचं भोक बघा, वरची दोन इंच माती खुरप्यानं हलवा. साबुदाण्यासारखे पिवळट दाणे दिसले तर ती अंडीच समजा.

खणभाग: हे पटलं. पण अमेरिकेतल्या मायामीत २०११ ला सापडलेली ही गोगलगाय संपली असं जाहीर व्हायला २०२१ उजाडलं. सरकारी पथकं, वासावर शोधणारी कुत्री, सगळं लावून दहा वर्षं. आपली मोहीम गणपतीपर्यंत तरी टिकेल?

विश्रामबागकर: मायामीतली पहिली खबर एका घरमालकानंच दिली होती. आणि फक्त पावसाळ्यावर कशाला बसता? उन्हाळ्यात गोगलगायी शंखाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून विटांच्या ढिगात निजलेल्या असतात. मे महिन्यात ढीग हलवला की हातात येतात, तेव्हा फार माणसंही लागत नाहीत.