विषय: गावाकडचं सिम बंद पडलं तर

मंडळी, नमस्कार.
यावलला आई-आबांच्या फोनवर मधूनच ‘नो सिम’ येतं. फोन बंद-चालू केला की थोडा वेळ रेंज असते, मग जाते. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि नंबर माझ्या नावावर आहे. दुकानदार म्हणतो, उन्हानं कार्ड गेलं. इथून काय करता येईल?
– भूषण

भूषणभाऊ,
उन्हाला दोष नको. सिमकार्ड उणे 25 ते 85 अंशांपर्यंत चालेल असंच बनवतात. भुसावळचा मे महिना त्याच्या जवळपासही जात नाही. उन्हात रेंज जाऊन सावलीत परत येत असेल, तर तापतोय तो फोन.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. फोन बंद करून कार्ड काढायचं, दुसऱ्या फोनमध्ये घालायचं, आणि चालू असलेलं दुसरं कार्ड आबांच्या फोनच्या त्याच खाचेत घालायचं. दुसऱ्या फोनमध्येही ‘नो सिम’ आलं तर कार्ड गेलं. तिथे चालतं, पण आबांच्या फोनमध्ये कुठलंच कार्ड चालत नाही, तर खाच खराब. ‘नो सिम’ नसून ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ येत असेल, तर फोन कार्ड ओळखतोय. मग रिचार्ज संपलाय का, कंपनीनं नंबर बंद केलाय का ते विचारा.

कार्ड जुनं, कातरीनं कापून लहान केलेलं असेल तर बहुधा तेच कारण. जुनं कार्ड 0.76 मिमी जाड, हल्लीचं सर्वात लहान म्हणजे नॅनो 0.67. कापलेलं जाड कार्ड ट्रेमध्ये रुततं आणि आतल्या पिना वाकवतं. सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडानं पुसा, खोडरबरानं घासू नका. मुलामा फार पातळ असतो.

आता खरी अडचण. डुप्लिकेट सिम नंबर ज्याच्या नावावर आहे त्यालाच, समोर हजर राहून केवायसी केल्यावर मिळतं. तुमचं आधार घेऊन आबा गेले तरी परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे. म्हणून तुम्ही गावी याल तेव्हा नवं कार्ड घ्या आणि त्याच खेपेला आबांसोबत दुकानात जाऊन नंबर त्यांच्या नावावर करून घ्या. शेतात राबलेल्या हातांचा अंगठा बरेचदा उमटत नाही. तेव्हा डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून पडताळणी करा म्हणावं, 2023 पासून चेहऱ्याचीही परवानगी आहे.

नवं कार्ड सुरू झालं की पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, जात नाहीत. हा फसवणूक रोखायचा नियम आहे, बिघाड नव्हे. पीएम-किसानची केवायसी, बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका. कंपनी बदलायची असेल तर 1 जुलै 2024 पासून कार्ड बदलल्यावर 7 दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही.

दुकानात दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या फोनवरून 198 लावा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुदतीत निकाल नाही लागला तर पुढच्या 30 दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपील फुकट, निर्णय 39 दिवसांत.

आबांना एवढं मात्र आजच सांगा: फोनवर कुणी कार्डामागचा 19-20 आकडी नंबर मागितला तर द्यायचा नाही. त्यावरूनच दुसरे लोक तुमचा नंबर पळवतात.
– ज्योती

ज्योतीताईंनी सगळं सांगितलंच आहे, शेतातल्या मोबाईल स्टार्टरचं, म्हणजे सिम घालून फोनवरून पाण्याची मोटार चालू-बंद करायच्या पेटीचं, तेवढं जोडतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हीच तक्रार जास्त येते.

बरेचसे स्टार्टर फक्त टू-जीवर चालतात. फक्त फोर-जी असलेल्या कंपनीचं नवंकोरं कार्डही त्यात रेंज धरणार नाही. कार्ड परत करून उपयोग नाही, कंपनी बदला. खाच मोठ्या मापाची असेल तर नवं कार्ड 25 बाय 15 मिमी एवढंच तोडा. नॅनो तोडून मोठ्या मापाच्या अडॅप्टर पट्टीत बसवलं की मोटारीच्या धक्क्यानं हलतं. पिन लॉक आधी फोनमध्ये घालून काढून टाका, स्टार्टरला पिन टाकता येत नाही. काही स्टार्टर परवानगीचे नंबर सिमच्याच मेमरीत ठेवतात, ते नव्या कार्डावर पुन्हा नोंदवावे लागतात. आणि एसएमएसवर चालणारा स्टार्टर असेल, तर पहिले 24 तास मोटार हातानंच चालू करायची, पाण्याची पाळी चुकवू नका.
– प्रमोद