श्रीलंकेला आठजण, जुलैत जमंल का?

आम्ही आठजण जुलैत श्रीलंकेला जायचं म्हणतोय, राफ्टिंग, सर्फिंग, व्हेल सगळंच करायचंय, पण निम्म्यांचा पाण्याशी संबंध म्हंजे रंकाळ्यावर भेळ. कुणी गेलंय का?

> व्हेलसाठी दक्षिण किनाऱ्यावरचं मिरिसा नको भावा, जुलैत तिकडं समुद्र खवळलेला असतोय, व्हेल बघायला डिसेंबर ते एप्रिल. सर्फिंगला पूर्वेकडं अरुगम बे धरा, तिथं तवाच सीझन.

> कितुलगलाला केलनी नदीत राफ्टिंग केलंय, लाइफ जॅकेट देतात, तरी आमचा पैलवान पहिल्याच लाटंत पाण्यात. कोल्हापुरी घालून बसलेलं येडं, एक पायतान अजून नदीतच असंल 😂 आणि जंगलात जळवा लै, पँट मोज्यात खोचा.

> पैलवानाचं वजन किती वो? आमच्यातबी एक हाय.