फक्त वाचणारे-पाहणारे असताना स्वतः काही करून लोकांसमोर ठेवलेत, तो अनुभव सांगा

कोरा_कागद

काल एका परक्या भाषेतील विकिपीडियाच्या लेखात मला माझेच छायाचित्र दिसले आणि ते टिपण्यामागची सगळी हकिकत आठवली. सुगरण पक्ष्याचा नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येऊन ते पाहते आणि तिला पसंत पडले तरच तो प्रवेशाची लांब नळी विणून काम पुरे करतो. हे मी कितीतरी ठिकाणी वाचले होते, पण त्या अर्धवट घरट्यातला, नर ज्यावर बसून विणतो तो आडवा पट्टा स्पष्ट दिसेल असे छायाचित्र मला त्या लेखांत सापडत नव्हते. तोवर वर्षानुवर्षे मी लोकांनी लिहिलेले वाचत आणि लोकांनी टिपलेले पाहत आलो होतो. सगळे आयते मिळत होते आणि त्यात काही उणे असेल हे कधी मनातही आले नव्हते. ती उणीव डोळ्यांत भरली आणि मी कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. छायाचित्र मनासारखे जमल्यावरही ते सर्वांसाठी खुले करायला मन धजावत नव्हते, कारण माझ्याहून सरस छायाचित्रकार पुष्कळ आहेत हे ठाऊक होते. मात्र त्यांच्यापैकी कुणी हे नेमके चित्र तिथे ठेवलेले नव्हते, आणि तेवढे कारण मला पुरले. आपण कशामुळे वळलात, हे सविस्तर वाचायला आवडेल.

पानगळ

माझे निमित्त कानाचे. हातातली कामे उरकताना लिब्रिव्हॉक्सवरची पुस्तके ऐकण्याची मला सवय होती. 2005 साली सुरू झालेल्या या उपक्रमात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवक वाचून ध्वनिमुद्रित करतात. एका आवडत्या लेखिकेची कथा तिथे नव्हती, म्हणून ती आपणच वाचावी असे वाटले. नव्या वाचकाला आधी एक मिनिटाची चाचणी पाठवावी लागते. ती आवाज गोड आहे का हे पाहण्यासाठी नसून ध्वनिमुद्रणाची पातळी आणि मागची खरखर तपासण्यासाठी असते, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. पंखा बंद, खिडक्या बंद, मांडीवर जाड उशी आणि तिच्यावर माइक, अशी माझी व्यवस्था होती. पुढे ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या अनोळखी व्यक्तीने "चौथ्या मिनिटाला पान उलटल्याचा आवाज येतो" असे कळवले, तेव्हा मला जो आनंद झाला तो कौतुकानेही झाला नसता. माझे वाचन कुणीतरी इतके कान देऊन ऐकले होते.

चष्मा_कुठाय

पानगळताई, फारच सुंदर लिहिले आहे. याच संदर्भात संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 साली मांडलेला ठोकताळा सांगावासा वाटतो: ऑनलाइन समूहांत साधारण 90 टक्के लोक केवळ वाचतात, 9 टक्के अधूनमधून भर घालतात आणि उरलेला 1 टक्का बहुतेक सारे लिहितो. मी अनेक वर्षे त्या नव्वदांत आहे. माझ्या मते ही वर्षे वाया गेलेली नसतात, कारण चांगले कोणते आणि कच्चे कोणते ही पारख त्याच काळात तयार होते.

उलटसुलट

पारखीबद्दल सहमत आहे, पण ती पुरी तयार होईपर्यंत थांबावे असे मला वाटत नाही. मी इतरांनी लिहिलेले नमुने पाहून विणायचे आणि त्यात समाधानी होते. एकदा गळ्याची एक पद्धत हाताला आपोआप सुचली, ती पाहून मैत्रिणींनी नमुना मागितला आणि मी कागद पुढे ओढला. विणणे आणि विणकाम लिहून देणे यांत किती अंतर आहे, ते तेव्हा समजले. हात जिथे न विचारता दोन टाके एकत्र घेतात, तिथे कोणत्या ओळीला, कोणत्या बाजूने आणि सुलट की उलट, हे सगळे लिहावे लागते. शिवाय प्रत्येक मापासाठी टाक्यांची संख्या वेगळी येते आणि प्रत्येक ओळीअखेर सुईवर किती टाके उरायला हवेत तेही द्यावे लागते. आता दुसऱ्याचा नमुना हाती आला की तो लिहिणाऱ्याने कुठे विचार केला असेल, ते मला दिसते. ही दृष्टी नुसते नमुने वापरून आली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रिकामी_ओळ

उलटसुलटताई, नमुना नक्की द्या, माझी आई वाट पाहील. माझा अनुभव लहानसा आहे. रोजच्या वापरातल्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात एक पायरी सुटली होती; ती मी लिहून पाठवली आणि सांभाळणाऱ्यांनी एक शब्द बदलून स्वीकारली. प्रोग्रॅमिंग येत नसतानाही तिथे माझ्यासाठी काम होते, याचे मला अजून अप्रूप आहे.

उलटसुलट

आईंना अवश्य देईन. मात्र एक शंका मनात आहे म्हणून नमुना अजून खुला केलेला नाही: कुणी तो स्वतःच्या नावावर खपवला तर काय करायचे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कोरा_कागद

ताई, आपली शंका रास्त आहे आणि माझीही तीच होती. आपले काम काही अटींवर सर्वांसाठी खुले करता यावे म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत; त्यांतले पहिले डिसेंबर 2002 मध्ये आले. मी 'बीवाय-एसए' निवडला: वापरणाऱ्याने माझे नाव द्यायचे आणि त्यात बदल करून ते प्रसिद्ध केले तर त्याच परवान्याखाली खुले ठेवायचे. आपला लिहिलेला मजकूर आणि आकृत्या त्याखाली देता येतील. दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, आणि या परवान्यात व्यावसायिक वापरालाही मुभा असते. ती नको असेल तर 'एनसी' असलेला परवाना निवडता येतो, पण मग ती आकृती विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रे जिथे ठेवतात त्या संग्रहात, चालत नाही. परवाना असूनही कुणी नाव गाळू शकते, हे खरे. परंतु तारखेसह आपल्या नावाने आधी प्रसिद्ध झालेले काम हाताशी असले, की हक्काने बोलता येते. नुसते कपाटात ठेवलेल्या कागदाला तो आधार नसतो.

उलटसुलट

मनापासून आभार. व्यावसायिक वापराला माझी हरकत नाही, नाव राहावे एवढीच इच्छा आहे, तेव्हा बीवाय-एसए हाच परवाना घेते. सर्वांत लहान मापाचे टाके दुसऱ्या कुणीतरी विणून पडताळायला हवे आहेत. रिकामी_ओळ, आपल्या आईंना वेळ असेल तर तेवढे काम त्यांच्याकडे पाठवू का?

रिकामी_ओळ

आई शेजारीच बसली आहे. हो म्हणते, आणि लोकर किती जाडीची घ्यायची ते आधी कळवा म्हणते.